दा व्हिंची रिझॉल्व्ह १८ : अनेक ट्रॅकच्या कामात कितपत भरवशाचे?

शास्त्रीय संगीताच्या मैफलीचे चित्रीकरण संकलनाला घेतले की टाइमलाइनवर, म्हणजे कामाच्या वेळपट्टीवर, ट्रॅकची, म्हणजे चित्र आणि आवाजाच्या आडव्या थरांची, गर्दी होणे अटळ असते. तीन कॅमेऱ्यांची चित्रे तीन ट्रॅकवर येतात, त्या कॅमेऱ्यांच्या स्वतःच्या माइकने टिपलेला आवाज आणखी तीन ट्रॅक अडवतो, वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेले गायन, पेटी, तबला आणि श्रोत्यांची दाद यांचे चार ट्रॅक त्याखाली बसतात आणि सगळ्यांच्या वर कलाकारांच्या नावांच्या पट्ट्या व बंदिशीचे शब्द दाखवणारी उपशीर्षके येतात. दीड-दोन तासांच्या अशा कामात एखाद्या ट्रॅकवरची एकच क्लिप, म्हणजे चित्राचा किंवा आवाजाचा तुकडा, नकळत सरकली, तर तिथून पुढचे सगळे बिघडते. सेकंदाला २५ फ्रेम या वेगाच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद होतात. तीन फ्रेमचा फरक पडला, तर तबल्यावर हात पडलेला आधी दिसतो आणि बोल नंतर ऐकू येतो, आणि समेवर मान डोलावणारा प्रेक्षक ते क्षणात ओळखतो. म्हणून असे काम करणाऱ्याने सॉफ्टवेअर निवडताना त्यातले इफेक्ट किती आहेत हे पाहण्याआधी, झालेले काम ते कसे सांभाळते हे पाहिले पाहिजे. हे परीक्षण तेवढ्याच मुद्द्याचे आहे: दा व्हिंची रिझॉल्व्ह या चित्रसंकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक ट्रॅक कसे हाताळता येतात आणि त्यांचे रक्षण कितपत होते.

रिझॉल्व्हची ओळख मुळात रंगसंस्कार करण्याचे साधन म्हणून झाली. ते ज्या अमेरिकी कंपनीचे होते, ती दा व्हिंची सिस्टिम्स २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइनने विकत घेतली. पुढे २०१६ मध्ये फेअरलाइट ही ध्वनिसंस्काराच्या क्षेत्रातली जुनी कंपनीही त्यांच्याकडे आली, आणि २०१७ च्या १४ व्या आवृत्तीपासून फेअरलाइटचे पान रिझॉल्व्हमध्येच बसवले गेले. आवाजाचे अनेक ट्रॅक सांभाळण्याच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर जे मुरलेले वाटते, त्याचे कारण या दुसऱ्या वारशात आहे. मी जिच्याविषयी लिहिते आहे, ती २०२२ ची १८ वी आवृत्ती आहे, तीही मोफत मिळणारी, विंडोजवर चालवलेली. नव्या आवृत्त्या येऊन गेल्या असल्या, तरी मध्यम ताकदीच्या संगणकावर १८ वी आवृत्ती समाधानकारक चालते म्हणून अनेक जण तिच्यावरच काम करत आहेत.

संकलनाच्या पानावर, म्हणजे एडिट पेजवर, प्रत्येक ट्रॅकच्या डाव्या टोकाला त्याची पाटी असते. तिच्यावर ट्रॅकचा क्रमांक, म्हणजे चित्रासाठी व्ही-वन, व्ही-टू आणि आवाजासाठी ए-वन, ए-टू, त्याच्या शेजारी नाव आणि मग चिन्हांची रांग. चित्राच्या ट्रॅकवर कुलूप, ऑटो सिलेक्ट आणि ट्रॅक दाखवणे-लपवणे अशी तीन चिन्हे असतात. आवाजाच्या ट्रॅकवर कुलूप आणि ऑटो सिलेक्टच्या जोडीला सोलोचा (फक्त तोच ट्रॅक ऐकवणारा) एस आणि म्यूटचा (तो गप्प करणारा) एम असतो. या पाटीवरच या सॉफ्टवेअरची निम्मी शिस्त अवलंबून आहे, आणि नवशिक्यांचे बहुतेक गोंधळ तिच्याकडे दुर्लक्ष केल्यानेच होतात. चिन्हे मात्र लहान आणि राखाडी आहेत. चालू आणि बंद यांतला फरक केवळ छटेचा आहे, आणि दहा-बारा ट्रॅक बसावेत म्हणून ट्रॅकची उंची कमी केली, की कोणते कुलूप लागलेले आहे आणि कोणते उघडे हे कळायला स्क्रीनजवळ वाकून पाहावे लागते. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीला ठळक रंग द्यायला हवा होता. अडोबी प्रीमियर या दुसऱ्या संकलन सॉफ्टवेअरमध्ये लॉक केलेल्या ट्रॅकवर तिरक्या रेघा उमटतात आणि हा ट्रॅक बंद आहे हे लांबूनही दिसते. ती सोय मला अधिक शहाणपणाची वाटते.

ट्रॅकच्या क्रमांकावर क्लिक केले की त्याभोवती नारिंगी चौकट येते. नवी क्लिप ज्या ट्रॅकवर जाऊन पडणार, तो हा ट्रॅक. याला डेस्टिनेशन म्हणतात. ट्रॅकच्या रक्षणाशी याचा संबंध दूरचा वाटेल, पण तो अगदी जवळचा आहे. एफ-टेन दाबून ओव्हरराइट करताना, म्हणजे आधीच्यावर नवी क्लिप टाकताना, नारिंगी चौकट चुकीच्या ट्रॅकवर राहिली असेल, तर तिथे आधी असलेली क्लिप नव्या क्लिपखाली गाडली जाते आणि ते करताना सॉफ्टवेअर काही विचारत नाही. याच रांगेतली एफ-ट्वेल्व्ह ही कळ मला फार उपयोगाची वाटते. तिने क्लिप खालच्या चित्राला धक्का न लावता वरच्या रिकाम्या ट्रॅकवर ठेवली जाते. मैफलीच्या मध्ये श्रोत्यांचे चेहरे, वाद्यांवरची बोटे, समईची ज्योत असे तुकडे पेरायचे असतील, तर हा मार्ग सर्वांत निर्धोक आहे, कारण मूळ कॅमेऱ्याचे सलग चित्र खाली जसेच्या तसे राहते आणि वरचा तुकडा नको वाटला तर काढून टाकता येतो.

आता कुलपाविषयी. ट्रॅक लॉक केला की त्यावरच्या क्लिप हलवता येत नाहीत, कापता येत नाहीत, पुसता येत नाहीत, आणि त्यांच्यावर दुसरी क्लिप आणून टाकताही येत नाही. शिफ्ट धरून कुलपावर क्लिक केले, तर त्या प्रकारचे सगळे ट्रॅक एका फटक्यात लॉक होतात. रेकॉर्डरवरचे चारही ट्रॅक कॅमेऱ्यांशी जुळवून झाले की ते बंद करून टाकायचे आणि मग निश्चिंत मनाने चित्राकडे वळायचे, ही पद्धत या सॉफ्टवेअरला साजेशी आहे, आणि या कामात ते कुठेही कमी पडत नाही. लॉक केलेला ट्रॅक रिझॉल्व्हमध्ये खरोखरच लॉक असतो. गोष्ट साधी वाटली तरी अनेक हलक्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी खात्री देता येत नाही.

पण हे कुलूप काय सांभाळते आणि काय सांभाळत नाही, हे नीट समजून घ्यावे लागते, आणि रिझॉल्व्ह ते आपणहून सांगत नाही. कुलूप क्लिपची टाइमलाइनवरची जागा सांभाळते. शेजारच्या ट्रॅकशी तिचे असलेले नाते मात्र ते सांभाळत नाही. समजा, गायनाचा ट्रॅक बंद आहे आणि कॅमेऱ्याचा उघडा. विलंबित ख्यालाआधी तानपुरे जुळवण्यात गेलेली चार मिनिटे कॅमेऱ्याच्या ट्रॅकवरून रिपल डिलीटने, म्हणजे तुकडा काढून पुढचे सगळे अलीकडे ओढून घेणाऱ्या आज्ञेने, काढली, तर पुढचे सगळे चित्र चार मिनिटे अलीकडे सरकते आणि गायन मात्र जागच्या जागी उभे राहते. कुलपाने आपले काम चोख केले, गायनाला कोणी हात लावला नाही, तरीही गाणे आणि गाणारा यांची फारकत झाली. ज्याला मी रक्षण समजते आहे तेच अशा वेळी नुकसानाचे कारण ठरते. रिपल करताना बंद ट्रॅक मागे राहणार आहेत, अशी एखादी सूचना त्या क्षणी दाखवणे सॉफ्टवेअरला सहज शक्य आहे. ती नाही, ही माझ्या मते या आवृत्तीतली सर्वांत मोठी उणीव आहे.

रिपल झाल्यावर कोणते ट्रॅक सोबत सरकणार, हे कुलपाशेजारच्या ऑटो सिलेक्ट या बटणावर ठरते. ते चालू असलेले ट्रॅक एकत्र हलतात, बंद असलेले जागेवर राहतात. इथवर व्यवस्था सुबोध आहे. अडचण अशी, की १८ व्या आवृत्तीत याच एका बटणावर आणखी बरीच जबाबदारी टाकलेली आहे. वर-खालच्या बाणांनी एका कटवरून दुसऱ्या कटवर उडी मारताना प्लेहेड (आपण कुठे आहोत ते दाखवणारी उभी रेघ) कोणत्या ट्रॅकवरच्या कटवर थांबेल, काही निवडलेले नसताना कंट्रोल-बी दाबले तर कोणते ट्रॅक कापले जातील, इन आणि आउट (सुरुवातीची व शेवटची खूण) लावून मधला भाग उडवला तर तो कोणकोणत्या ट्रॅकवरून जाईल, हे सगळे तेच बटण ठरवते. म्हणजे केवळ व्ही-वनवरच्या कटवर भराभर फिरता यावे म्हणून इतर ट्रॅकचे ऑटो सिलेक्ट बंद केले, आणि तसेच ठेवून थोड्या वेळाने एक रिपल केला, तर इतर सगळे ट्रॅक मागे राहतात. फिरण्याच्या सोयीसाठी केलेली गोष्ट सिंकच्या, म्हणजे चित्र-आवाजाच्या जुळणीच्या, मुळावर येते. प्रीमियरमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: पेस्ट करताना आणि फिरताना कोणता ट्रॅक धरायचा ते टार्गेटिंग ठरवते, तर रिपलमध्ये कोण सोबत येणार ते सिंक लॉक ठरवते, आणि ट्रॅक लॉक याहून निराळे आहे. शिकायला ते थोडे जड जाते, पण विचार म्हणून ती मांडणी अधिक स्वच्छ आहे. रिझॉल्व्हमध्ये बटणे कमी आहेत म्हणून सुरुवात सोपी वाटते, आणि त्याची किंमत पुढे मोठ्या कामात मोजावी लागते.

यावरचा उपाय सॉफ्टवेअर बदलण्याचा नाही. हातातले काम कोणत्या जातीचे आहे ते आधी ओळखणे हा आहे. मैफल, कीर्तन, नाटकाचा प्रयोग अशा कामांत आवाज सलग असतो आणि तोच कण्यासारखा असतो; चित्र त्यावर बसवायचे असते. अशा वेळी आवाजाचे सगळे ट्रॅक लॉक करावेत आणि चित्रावर रिपल होईल असे काहीही करू नये. क्लिप घालायची तर ओव्हरराइट किंवा वरच्या ट्रॅकवर ठेवून घालावी. एफ-नाइनच्या इन्सर्टला तर हातच लावू नये, कारण ऑटो सिलेक्ट चालू असलेल्या ट्रॅकवर तो प्लेहेडपाशी चालू असलेली क्लिप चिरतो आणि पुढचे सगळे उजवीकडे ढकलतो. तानपुरे जुळवण्यासारखा भाग खरोखरच काढायचा असेल, तर आधी सगळी कुलपे उघडावीत, सगळ्या ट्रॅकचे ऑटो सिलेक्ट चालू करावे, इन आणि आउट लावून तेवढा पट्टा सर्व ट्रॅकवरून एकदम काढावा आणि लगेच कुलपे पुन्हा लावावीत. हा क्रम हाताच्या सवयीचा झाला की धोका उरत नाही.

मुलाखतीचे काम याच्या अगदी उलट आहे. तिथे माणूस अडखळतो, तेच वाक्य पुन्हा म्हणतो, मध्येच फोन वाजतो. असे शेकडो छोटे तुकडे काढायचे असतात आणि प्रत्येक वेळी पुढचे सगळे अलीकडे यायला हवे असते. इथे आवाजाचा ट्रॅक लॉक करणे म्हणजे पहिल्याच कटला सिंक घालवणे. सगळे ट्रॅक उघडे, सगळ्यांचे ऑटो सिलेक्ट चालू, लिंक्ड सिलेक्शन (चित्र निवडले की त्याचा आवाजही निवडणारी सोय) चालू, आणि पार्श्वसंगीत अजून टाइमलाइनवर आणलेलेच नाही, अशी मांडणी या टप्प्यावर योग्य असते. संगीत आधीच टाकले असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मुलाखतीतली एक क्लिप निवडून ती रिपल डिलीट केली, की तिच्या आधीपासून सुरू होऊन पुढे जाणारी संगीताची लांब क्लिप जागची हलत नाही, मग तिचे ऑटो सिलेक्ट चालू असो वा नसो. त्यामुळे आलापाची जी जागा आपण एखाद्या वाक्याच्या शेवटी नेमकी आणून ठेवलेली असते, ती सुटते. बोलण्याचे संकलन पक्के होईपर्यंत संगीताचा ट्रॅक रिकामा ठेवणे हाच त्यावर चांगला मार्ग आहे. कुलूप लावण्याची वेळ बोलणे पक्के झाल्यावर येते, आणि मग संगीत, उपशीर्षके, नावांच्या पट्ट्या बसवताना संवादाचे ट्रॅक बंद ठेवावेत.

कीबोर्डवरच्या दोन कळांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे गरजेचे आहे. रिझॉल्व्हच्या मूळ मांडणीत बॅकस्पेस दाबले की क्लिप जाते आणि तिची जागा रिकामी राहते. डिलीट दाबले की क्लिप जाते आणि पुढचे सगळे सरकून ती जागा भरते. प्रीमियरमधून आलेल्या माणसाच्या बोटांना नेमके उलटे वळण असते, कारण तिथे नुसते डिलीट जागा रिकामी ठेवते आणि रिपलसाठी शिफ्ट धरावे लागते. अर्ध्याहून अधिक ट्रॅक बंद असताना इथे चुकून डिलीट दाबले गेले, तर वर सांगितलेली फारकत तत्काळ होते, आणि प्लेहेडच्या उजवीकडे बरेच पुढे जाऊन पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. सॉफ्टवेअरच्या कीबोर्ड कस्टमायझेशनमध्ये प्रीमियर, फायनल कट आणि अॅव्हिड यांच्या तयार मांडण्या दिलेल्या आहेत. शिवाय प्रत्येक कळ आपल्याला हवी तशी बदलता येते. अनेक ट्रॅकचे काम नेहमी करणाऱ्याने पहिल्याच दिवशी ही दोन कामे आपल्या सवयीच्या कळांवर बसवून घ्यावीत. याबाबत रिझॉल्व्हने दिलेले स्वातंत्र्य पुरेपूर आहे.

सिंक सुटले तर ते कळते कसे? क्लिपचे चित्र आणि तिचा स्वतःचा आवाज लिंक केलेले असतील आणि त्यातले एक सरकले, तर रिझॉल्व्ह दोन्ही तुकड्यांवर लाल रंगात किती फ्रेमचा फरक पडला तो आकडा दाखवते. ही सोय उत्तम आहे आणि तिने अनेकांचे काम वाचवले असेल. पण रेकॉर्डरवरून आणलेला तबला आणि कॅमेऱ्याचे चित्र यांचा सॉफ्टवेअरच्या लेखी जन्मजात संबंध नसतो. ते दोन ट्रॅक एकमेकांपासून सरकले तर लाल आकडा उमटेल असे धरून चालता येत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याच्या माइकचा आवाज टाकून न देता म्यूट करून ए-वनवर तसाच राहू द्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तो ऐकायला कितीही घोगरा, सभागृहाच्या घुमण्याने भरलेला असला, तरी त्याच्या वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, तबल्याच्या ‘धा’चे उंच टोक स्पष्ट दिसते. ते टोक आणि रेकॉर्डरच्या तबल्याच्या ट्रॅकवरचे टोक एकाखाली एक आहेत का, हे झूम करून सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी पाहिले की सिंकची खातरजमा होते. तिहाईच्या जागी हे पाहणे सर्वांत सोपे, कारण एकापाठोपाठ येणाऱ्या टोकांची ठेवण दोन्हीकडे सारखी दिसते. दोन तासांच्या सलग चित्रीकरणात कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळे किंचित वेगळी धावतात आणि शेवटाकडे फरक वाढत जातो. तो दोषही याच पडताळणीत सापडतो. ट्रॅक लॉक करायचा तो ही पडताळणी झाल्यावर, त्याआधी नव्हे.

ट्रॅकला नाव देणे आणि रंग देणे या बाबी किरकोळ वाटतात, पण माझ्या दृष्टीने रक्षणाची सुरुवात तिथूनच होते. नावावर दोनदा क्लिक करून ते बदलता येते, आणि उजव्या क्लिकवर रंगांची यादी येते. ‘ऑडिओ ५’ असे नाव असलेला ट्रॅक कोणीही बेफिकिरीने उघडतो. ‘गायन, अंतिम’ असे देवनागरीत लिहिलेल्या ट्रॅकला हात लावण्याआधी माणूस थबकतो. एकाच प्रोजेक्टवर दोघांनी आळीपाळीने बसायचे असेल तेव्हा याचे मोल फारच वाढते, कारण कुलपाला पासवर्ड नसतो आणि ते कोणी लावले, का लावले, हे कुठे नोंदले जात नाही. आवाजाचे ट्रॅक फार झाले, तर फेअरलाइटच्या पानावरच्या इंडेक्समध्ये त्यांची यादी उघडते. तिथे ते ओढून वर-खाली लावता येतात, आणि नको असलेले नजरेआड ठेवता येतात. चित्र आणि आवाज यांच्यामधली सीमारेषा ओढून दोन्हींना हवी तेवढी जागा देता येते, हीही रोजच्या कामातली मोठी सोय आहे.

वरच्या टूलबारवर आणखी एक कुलूप दिसते. ते ट्रॅकचे नाही. त्याला पोझिशन लॉक म्हणतात आणि ते चालू केले की टाइमलाइनवरच्या क्लिप पुढे-मागे सरकत नाहीत. रंग, आवाजाची पातळी, आकार यांत बदल मात्र करता येतात. संकलन पक्के झाल्यावर आवाजाची पातळी ठरवत बसताना माउसच्या एका धक्क्याने क्लिप सरकू नये, यासाठी ही व्यवस्था फार विचारपूर्वक केलेली आहे आणि तिचा वापर व्हावा तेवढा होत नाही. दोन वेगळ्या कामांना जवळजवळ सारखेच चिन्ह दिल्यामुळे अनेकांना त्यांतला भेद कळत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे. ट्रॅक लॉक हा अर्धे काम झालेले असताना उपयोगी पडतो, तर पोझिशन लॉक शेवटच्या टप्प्यासाठी आहे. मला स्वतःला दुसऱ्याची किंमत अधिक वाटते, कारण तो काम थांबवत नाही.

ट्रॅक कमी करणे हेही त्यांचे रक्षणच आहे. तिन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिप मीडिया पूलमध्ये, म्हणजे आणलेल्या फाइलींच्या साठ्यात, निवडून त्यांची मल्टिकॅम क्लिप (सगळे कॅमेरे एकत्र धरणारी) करता येते. जुळवणी टाइमकोडवर (चित्रासोबत नोंदलेल्या वेळेवर) करायची की आवाजावर, हे निवडता येते. मग तीन ट्रॅकऐवजी एकच ट्रॅक उरतो आणि चालत्या चित्रावर कॅमेरे बदलत कट करता येतात. आवाजावरची जुळवणी सभागृहातल्या चित्रीकरणात बहुधा बरोबर बसते. मात्र एखादा कॅमेरा स्वरमंचापासून फार लांब असेल, तर ध्वनी त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचतो. सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने ३४ मीटर अंतराला एक दशांश सेकंद लागतो, म्हणजे अडीच फ्रेम. सॉफ्टवेअर आवाज अचूक जुळवते, आणि त्यामुळेच चित्र तेवढे चुकते. मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमात ही जुळवणी डोळ्यांनी तपासून, गरज असेल तिथे हाताने एक-दोन फ्रेम सरकवावीच लागते.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. २०११ मध्ये आलेल्या फायनल कट प्रो एक्सने ट्रॅकची कल्पनाच बाजूला ठेवली आणि क्लिप एकमेकींना जोडण्याची पद्धत आणली. मुलाखतीच्या संकलनाला ती उत्तम, पण ते केवळ मॅकवर चालते. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर कमी ताकदीच्या संगणकावरही चालतात आणि दोन्हींमध्ये ट्रॅक लॉक आहे. शॉटकटमध्ये तर रिपल एका ट्रॅकपुरता की सगळ्या ट्रॅकवर, हे स्वतंत्र बटणाने ठरवता येते, आणि त्या बाबतीत ते रिझॉल्व्हपेक्षा अधिक स्पष्टवक्ते आहे. पण दहा-बारा ट्रॅक, शंभरेक कट आणि चार माइकचा आवाज अशा कामात फेअरलाइटचा मिक्सर हाताशी असणे याला तिथे तोड नाही, आणि म्हणून माझी पसंती रिझॉल्व्हलाच राहते.

कुलूप टाइमलाइनचे असते, मूळ फाइलचे नसते. हार्ड डिस्कवरच्या फोल्डरचे नाव बदलले, फाइल हलवली किंवा त्याच नावाने दुसरी फाइल वर टाकली, तर लॉक केलेल्या ट्रॅकवरही मीडिया ऑफलाइनचा लाल पडदा दिसेल किंवा भलताच आवाज येईल. रिझॉल्व्ह प्रोजेक्ट स्वतःच्या लायब्ररीत ठेवते, त्यामुळे फुटेजचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले म्हणजे संकलनाचीही प्रत झाली असे होत नाही. प्रोजेक्ट वेगळा एक्सपोर्ट करावा लागतो, आणि त्या एक्सपोर्टमध्ये फुटेज नसते. दोन्हींच्या प्रती स्वतंत्रपणे ठेवाव्यात. लाइव्ह सेव्ह चालू असेल तर प्रत्येक बदल लगेच साठवला जातो, आणि जिथे वीज कधीही जाते अशा गावात बसून काम करणाऱ्यासाठी हे वरदान आहे. पण लाइव्ह सेव्ह चुकीचा बदलही तितक्याच तत्परतेने साठवतो. म्हणून प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्ट बॅकअप चालू आहे का ते पाहून घ्यावे, आणि मोठा बदल करण्याआधी मीडिया पूलमध्ये टाइमलाइनवर उजवे क्लिक करून तिची प्रत काढावी. ‘बडा ख्याल, सिंक पक्के’ असे नाव दिलेली एक जुनी टाइमलाइन बाजूला असली, तर कुलूप उघडे राहिल्याने झालेले नुकसान त्या प्रतीवरून क्लिप आणून भरून काढता येते. ही प्रत जागा जवळजवळ घेत नाही, कारण फुटेजची नवी नक्कल होत नाही.

या परीक्षणात सांगितलेली ट्रॅकविषयीची प्रत्येक सोय मोफत आवृत्तीत मिळते, आणि तिच्यातून ३८४० बाय २१६० पर्यंतचे चित्र बाहेर काढता येते. मैफलीच्या कामाला त्याहून अधिक लागत नाही. २९५ अमेरिकी डॉलरची स्टुडिओ आवृत्ती एकदाच घ्यावी लागते, तिला मासिक वर्गणी नाही; चित्रातला किंवा आवाजातला गोंगाट काढण्याची प्रगत साधने हवी असतील तरच तिचा विचार करावा, ट्रॅक सांभाळण्यात तिने काही फरक पडत नाही. संगणकात १६ जीबी रॅम नसेल, तर तीन कॅमेऱ्यांचे चित्र एकाच वेळी चालवताना ते अडखळते, आणि अडखळत्या प्लेबॅकवर सिंक तपासणे व्यर्थ असते. तिथे आधी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून घ्याव्यात. निर्मात्यांकडे माझी मागणी दोनच गोष्टींची आहे: लागलेले कुलूप लांबून ओळखू येईल असा रंग, आणि बंद ट्रॅकना मागे सोडून रिपल होणार असेल तेव्हा एका ओळीची सूचना.